गावचा पत्ता कायमचा, पण तुम्ही झोपता कुठं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांची पोरं, पोरी, सुना, जावई, भाचे, पुतणे परदेशात आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचून शिव्या दिल्या तरी चालतील.

मी चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली. साताऱ्यात सुरुवात, मग कराड, मग सांगली, आणि विश्रामबागेतून रिटायर झालो. आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते वाचले. पत्ता म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. गेल्या वर्षी माझ्याच भाच्यानं तो खोटा ठरवला.

भाचा सांगलीत इंजिनिअर झाला, पुढं अमेरिकेत शिकला, नोकरीला लागला. बायको, दोन वर्षांचं पोर, सगळं व्यवस्थित. नवऱ्याच्या व्हिसाची मुदतवाढ कंपनीच्या वकिलानं केली. बायकोचा अर्ज याने स्वतः भरला, कारण वकिलाची फी वाचत होती. त्यात चूक काही नाही, असे अर्ज लोक स्वतः भरतात. अर्ज गेला जूनमध्ये. ऑगस्टमध्ये यांनी घर बदललं. जुन्या घरापासून चार मैल. म्हणजे आपल्याकडं विश्रामबागेतून मिरजेला जावं तेवढं.

घर बदललं ते कुणाकुणाला कळवलं? बँकेला कळवलं. फोन कंपनीला, विजेला, ॲमेझॉनला कळवलं. तिथल्या पोस्टालाही कळवलं. स्थलांतर खात्याला नाही कळवलं.

ऑक्टोबरमध्ये खात्याचं पत्र निघालं, अमुक कागद पाठवा म्हणून. ते जुन्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही म्हणून जानेवारीत अर्ज निकालात निघाला, नामंजूर. ते पत्रही जुन्या पत्त्यावर. आणि ही बिचारी मे महिन्यात गाडीचं लायसन्स वाढवायला गेली तेव्हा खिडकीवरच्या बाईनं सांगितलं, तुमचा इथं राहण्याचा परवाना संपलेला दिसतोय. वकील गाठला. त्यानं तारखा मोजल्या. नामंजुरीच्या तारखेपासून तो १३८ वा दिवस होता. १८० दिवस ओलांडून बाहेर पडली असती तर तीन वर्षं परत येता आलं नसतं. आठ दिवसांत पोरगी लेकरू काखेत मारून कराडला आली. परत व्हिसा मिळून जायला सात महिने गेले. सात महिने ते पोर बापाला फोनच्या काचेवर हात लावून ‘बाबा’ म्हणत होतं.

भाच्याला विचारलं, अरे, तू कळवलं का नाहीस?

‘मामा, पोस्टाला कळवलं होतं की. मला वाटलं तेवढं बास. आणि कन्सल्टंट म्हणाला होता, त्या फॉर्मचं कोण विचारत नाय, काय होत नाय.’

काय होत नाय! माझं भांडण आहे ते या तीन शब्दांशी.

आता नियम काय आहे तो नीट समजून घ्या, कारण फोनवर फिरतंय त्यात अर्धं खरं आणि अर्धं भलतंच आहे. अमेरिकेत नागरिक नसलेल्या जवळपास प्रत्येकानं घर बदलल्यावर १० दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा असतो. ग्रीन कार्डवालासुद्धा यात आला. ‘मी आता कायमचा झालो’ म्हणून सुटका नाही, नागरिक होईपर्यंत नाही. राजनैतिक व्हिसावाले आणि व्हिसा माफ असलेल्या देशांचे पाहुणे एवढेच सुटतात, आणि आपण त्यात नाही. फॉर्मचं नाव एआर-११. ऑनलाइन भरता येतो, पैसे पडत नाहीत, दहा मिनिटांचं काम. विद्यार्थी असाल तर कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला त्याच १० दिवसांत कळवायचं, तो पुढं सरकारी नोंदीत घालतो. कुणाची केस स्थलांतर कोर्टात असेल तर त्याचा फॉर्म वेगळा आणि मुदत फक्त पाच दिवसांची. तिथं पत्ता न कळवणाऱ्याला नोटीस पाठवायलासुद्धा कोर्ट बांधील नाही, गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. आणि हो, पोस्टाला कळवलं म्हणजे खात्याला कळवलं असं होत नाही, हे ते खातं स्वतःच सांगतं.

हा कायदा आजचा नाही. १९४० साली, युद्धाच्या तोंडावर, अमेरिकेनं सगळ्या परक्यांची नोंदणी करायला घेतली. ती कुठं झाली माहितीय? पोस्ट ऑफिसांत. बोटांचे ठसे, फॉर्म, सगळं पोस्टाच्या खिडकीवर. पुढं कित्येक वर्षं दर जानेवारीत प्रत्येक परक्यानं आपला पत्ता कार्डावर लिहून द्यायचा, अशी रीत होती. ती १९८१ मध्ये बंद झाली. बदलला तर कळवा, एवढं मात्र राहिलं. मग वीस वर्षं सगळे विसरले. खातं विसरलं, लोक विसरले, वकीलही विसरले. ‘काय होत नाय’ हे वाक्य त्या वीस वर्षांत तयार झालं.

२००१ नंतर ते एका फटक्यात खोटं ठरलं. २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एका कायम रहिवासी पॅलेस्टिनी माणसाला गाडी किंचित जोरात चालवली म्हणून थांबवलं, आणि पत्ता कळवला नाही एवढ्या कारणावरून त्याच्यावर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. मग घाबरून लाखो लोकांनी फॉर्म पाठवायला सुरुवात केली. आणि त्याच वर्षी उघड झालं की खात्याकडं आलेले लाखो कागद कॅन्सस सिटीजवळच्या एका भूमिगत गोदामात खोक्यांत पडून होते, त्यात सुमारे दोन लाख पत्ताबदलाचे फॉर्म होते! म्हणजे लोकांनी प्रामाणिकपणे कळवलं, आणि सरकारनं ते जमिनीखाली पुरलं.

हे वाचून काही जण म्हणतील, बघा, मग कळवून तरी काय उपयोग? उपयोग आहे. एक तर फॉर्म भरल्याची पावती तुमच्या हातात राहते. मी खिडकीवर बसलेला माणूस आहे, मला विचारा. पावती असलेला माणूस भांडू शकतो. पावती नसलेला फक्त रडू शकतो.

दुसरं, २०२५ साल बघा. ११ एप्रिल २०२५ पासून परक्यांच्या नोंदणीचा तोच १९४० चा जुना नियम नव्यानं कडक लागू झाला. अठरा वर्षांवरच्यानं नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा, पत्ताबदल कळवायचा, न कळवल्यास दंड, कैद, शिवाय हद्दपारीचं कारण. त्याच वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एका रात्रीत रद्द झाल्या, पुष्कळांच्या किरकोळ ट्रॅफिकच्या प्रकरणांवरून. त्यात आपली पोरं भरपूर होती. कोर्टात गेल्यावर नोंदी परत आल्या, पण तेवढे दिवस त्या पोरांनी कसे काढले असतील? कायदा झोपलेला असतो तोवर ‘काय होत नाय’. तो जागा झाला की पहिला पाय त्यावर पडतो जो वाटेत निवांत पसरलेला असतो.

आता दुसऱ्या टोळीकडं वळतो. ही टोळी माझ्या पोस्टखाली येणारच आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. ‘ज्याचं सगळं स्वच्छ आहे त्याला भीती कशाला? कायदा पाळा, विषय संपला.’

माझ्या भाच्याचं सगळं स्वच्छ होतं. कर भरलेला, नोकरी चोख, अर्ज मुदतीत. फक्त चार मैल सरकला. चोरी न करता, खोटं न बोलता, कुणाचं काही न बुडवता बायको-पोराची ताटातूट झाली. चूक त्याची होती, मी नाही म्हणत नाही. पण चुकीला शिक्षा किती, याला काही माप असावं की नाही? घरपट्टी उशिरा भरली तर व्याज लागतं, घराला कुलूप लागत नाही. एका न भरलेल्या फॉर्मची शिक्षा दंड असू दे. देशाबाहेर काढणं ही त्या चुकीची शिक्षा असू शकत नाही. हे अमेरिकेबद्दल म्हणतोय, आणि आपल्याबद्दलही.

आपल्याबद्दल कसं? तर ऐका. आपल्याकडंही अगदी हेच आहे. १९३९ चा परदेशी नोंदणीचा कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिकांचा कायदा, दोन्ही इंग्रजांनी केलेले. ते रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला. आपल्यासारख्या जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. पाचगणीच्या शाळांत परदेशी मुलं शिकतात, त्यांची नोंद साताऱ्याला. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्यानं, घरमालकानं २४ तासांत फॉर्म भरायचा. परदेशी माणसाचा पत्ता बदलला तर त्यानं कळवायचं. नव्या कायद्यातल्या तरतुदी मोडल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड. दर थंडीत स्वेटर घेऊन बसणारी तिबेटी माणसं आपण सगळ्यांनी बघितलीत. त्यांच्या खिशात एक नोंदणीचं पुस्तक असतं, हे किती जणांना माहीत आहे? घासाघीस करून शंभर रुपये कमी करतो आपण, आणि तो माणूस कुठं राहतो, किती कागद सांभाळतो, याचा विचार मनात येत नाही.

आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर दर आठवड्याला एक मेसेज असतो. ‘बाहेरच्यांची कागदपत्रं तपासा, हाकला.’ टाकणाऱ्याचा थोरला मुलगा परदेशात आहे आणि तीन वर्षांत चार घरं बदललीत. त्याला विचारलं, पोरानं पत्ता कळवला का? म्हणाला, ‘त्याला कशाला कळवायचं? तो काय बेकायदेशीर आहे काय?’ घ्या! परका म्हणजे दुसऱ्याचं पोर. आपलं पोर कुठंही गेलं तरी घरचंच.

अहो, तिथल्या गल्लीतसुद्धा असाच एक ग्रुप असेल की. आणि त्या ग्रुपवर तुमचा पोरगा ‘बाहेरचा’ असेल.

या मातीनं हे आधी बघितलंय. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं जर्मन पासपोर्टवाल्यांना नजरेखाली ठेवलं, त्यांच्या कुटुंबांसाठी पुरंदरवर आणि साताऱ्यात छावण्या होत्या. हिटलरच्या तावडीतून जीव घेऊन पळून आलेली ज्यू माणसंसुद्धा हिंदुस्थानात ‘शत्रू देशाचे नागरिक’ म्हणून अडकली, कारण कागदावर देश जर्मनी लिहिला होता. त्याच काळात शेजारी कोल्हापूरला वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, १९४३ ते १९४८. त्यांच्या आठवणी अजून तिथं निघतात, पाहुणे येतात, डोळे पुसतात. एकाच नोंदवहीतली दोन पानं आहेत ही. नोंद वाईट नसते. नोंद करणारा तुमच्याकडं माणूस म्हणून बघतो की संशयित म्हणून, यावर सगळं ठरतं.

जर्मनीचंच आजचं उदाहरण घ्या. आपल्याकडची पुष्कळ पोरं आता तिकडं जातात. तिथं घर बदललं की दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत नोंद करायची. पण ती परक्यानंच नाही, जर्मन माणसानंही! शेजारचा म्हाताराही त्याच रांगेत उभा असतो. त्यामुळं त्या रांगेत कुणाची मान खाली जात नाही. जपानमध्ये १४ दिवसांत, ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यानं सात दिवसांत कॉलेजला कळवायचं. म्हणजे अमेरिकाच तेवढी वाईट असं नाही. जिथं जाल तिथं हा प्रश्न आहे. मुदत तेवढी वेगळी.

मग आपलीच पोरं यात का घसरतात? माझं उत्तर कुणाला आवडणार नाही, तरी सांगतो.

आपल्या प्रत्येक फॉर्मवर दोन रकाने असतात. ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’. आणि आपण काय करतो? दोन्हीकडं गावच लिहितो. माझे दाजी खानापूर तालुक्यातले, गलाईवाले. सोनं-चांदी गाळायला तामिळनाडूत गेले, तिथं पस्तीस वर्षं दुकान चालवलं, तीन शहरं बदलली. रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं, पत्ता विचारला की ‘मु. पो.’ पासून सुरुवात. विटा, आटपाडी, खटाव, माण इकडची हजारो घरं अशीच देशभर पसरलीत. दुष्काळानं बाहेर काढलं, पण पत्ता गावातून हलला नाही. त्यात एक अभिमान आहे आणि तो मला मान्य आहे. यात्रेला दिल्लीहून, कोचीहून माणसं येतात ती त्या पत्त्याच्या जोरावर.

पण हाच स्वभाव विमानात बसून पलीकडं जातो. पोराच्या मनात खरा पत्ता गावचा असतो. बाकीचं सगळं ‘तात्पुरतं’. तात्पुरत्या गोष्टीची नोंद कोण ठेवतो? तिकडच्या सरकारला तुमचं गाव, तुमचा वाडा, तुमचं कुलदैवत यात रस नाही. त्याचा एकच प्रश्न आहे, तू आज रात्री झोपणार कुठं? त्या प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस त्याच्या दृष्टीनं लपलेला आहे. मग तो कितीही सरळ असो.

आणि ही सवय लावण्यात आपल्या सरकारचा हात नाही असं समजू नका. कोयना धरणात ज्यांची गावं गेली त्यांना विचारा, सरकार पत्ता कसा बदलतं. साठ वर्षं उलटली, तरी जमिनीसाठी तिसरी पिढी आंदोलनाला बसते. तिथं पत्ता सरकारनं बदलला, आणि नव्या पत्त्याची नोंद मात्र कुठल्या कचेरीत लागेना. २०१९ च्या महापुरात सांगलीत माझ्या ओळखीची माणसं महिनाभर शाळेत राहिली, पत्राची सोय काय, कुणी विचारलं नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला वाटणारच, की पत्ता कळवणं म्हणजे रिकामा उद्योग.

खिडकीवर मी हजारो रजिस्टरं परत जाताना बघितली. पाकिटावर शेरा एका शब्दाचा. ‘लेफ्ट.’ म्हणजे माणूस इथून गेला. आत काय असतं पोस्टमनला माहीत नसतं. कोर्टाचं समन्स असतं, नोकरीचं बोलावणं असतं, बँकेची शेवटची नोटीस असते. आपल्याकडं १८९७ चा एक कायदा आहे, त्याच्या २७ व्या कलमात म्हटलंय, नीट पत्ता लिहून, तिकीट लावून, रजिस्टरनं पाठवलं की पोचलं असं धरायचं. तुम्ही पत्ता बदलून बसलात आणि कळवलं नाही, तर पत्र जुन्या घरी जातं आणि पोचल्याची जबाबदारी तुमच्या डोक्यावर येते. पाठवणारा मोकळा होतो. एवढंच गणित आहे, इथं आणि तिथंही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात.

कन्सल्टंट लोकांनो, तुम्ही पोरामागं लाखभर रुपये घेता. बॅगेत प्रेशर कुकर बसतो का ते सांगता. घर बदलल्यावर काय करायचं हे एका कागदावर लिहून द्यायला तुमचं काय जातं? नियम माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ‘काय होत नाय’ म्हणू नका. होतं ते तुम्हाला होत नाही, त्या पोराला होतं.

सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजांनो, निरोप समारंभात तुम्ही ‘तुम्ही देशाचे दूत आहात’ वगैरे सांगता. एक तास या कागदांसाठी ठेवा. माजी विद्यार्थी फोनवर आणून बोलवा, ते सांगतील.

कर्ज देणाऱ्या बँकांनो, शिक्षणकर्जासाठी बापाच्या शेताचा उतारा मागता. मग त्या पोराचा व्हिसा टिकावा यात तुमचाही पैसा अडकलाय, हे ध्यानात घ्या.

आणि सरकारला, की परराष्ट्र खात्याचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे, परदेशातल्या विद्यार्थ्यानं तिथं नाव-पत्ता नोंदवायची सोय आहे. ती किती घरांत माहीत आहे? सरकारी योजनांच्या पाट्या एसटी स्टँडवर लागतात, तशी याची एक लावा. पासपोर्ट हातात देतानाच एक चिठ्ठी द्या.

राहिले आपण. आपण फोन करतो, ‘जेवलास का, थंडी आहे का, तूप संपलं का’ विचारतो. यात एक वाक्य वाढवा. ‘घर बदललंस का? दहा दिवसांच्या आत कळवलंस का? पावती ठेवलीस का?’ नोकरीचं ठिकाण बदललं असेल तर तो विषय वेगळा आहे, त्याला कंपनीच्या वकिलालाच विचारायचं, पत्त्याच्या फॉर्मनं ते भागत नाही, हेही सांगा. दहा दिवस उलटून गेले असतील तर घाबरून गप्प बसायचं नाही. उशिरा का होईना, आज भरायचं, आणि अर्ज चालू असतील तर वकिलाशी बोलून भरायचं.

भाच्याची बायको परत गेली. जाताना पाया पडली आणि म्हणाली, ‘मामा, आता घर बदलायचं नाही.’ मी म्हटलं, ‘अगं, घर बदल की. दहा वेळा बदल, मोठं घे. फक्त सामान उतरवायच्या आधी पत्ता कळव.’ परवा तिचा मेसेज आला. नवीन घर, नवीन गाव. खाली फोटो. मला वाटलं घराचा असेल. उघडून बघितलं तर फॉर्म भरल्याची पावती होती.

शेअर करा, नका करू, तुमची मर्जी. पण आज रात्री तो फोन तेवढा करा.